डावं घमेलं

महापालिकेनं सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका चाळीमागं गटाराचं काम काढलं आणि चंद्रभागेच्या शेळ्यांच्या खोपटाचं दार बुजलं. खोपट म्हणजे तीन बाजूंनी पत्रे आणि चौथ्या बाजूला चाळीची मागची भिंत. दार रस्त्याच्या अंगाला होतं, आणि तिथंच आता कमरेइतका खोल चर खणला होता. तिच्या नवऱ्यानं, सोमानं, जुन्या दाराच्या जागी पत्रा ठोकला आणि बाजूचा एक पत्रा काढून नवं दार केलं. दोन्हींत फार तर चार पावलांचं अंतर.

चांदी ही घरातली मोठी शेळी, सुरती जातीची, पांढरीशुभ्र. पहिल्या संध्याकाळी ती जुन्या पत्र्याला नाक लावून थांबली. चंद्रभागेनं कान धरून तिला नव्या दारानं आत घेतलं. दुसऱ्या दिवशी ती जरा घुटमळली, तिसऱ्या दिवशी आपली आपण आत गेली.

तिची दोन करडं, राजा नावाचा बोकड आणि मैना नावाची पाठ, म्हणजे मादी करडू, मात्र पत्र्यापाशीच उभी राहिली. सात महिन्यांची, चांगली अंगानं भरलेली. चांदी आतून ओरडायची, ही दोघं बाहेरून ओ द्यायची आणि बंद पत्र्याला डोकं लावून उभी राहायची. रोज संध्याकाळी चंद्रभागा त्यांना ओढून चार पावलं नेई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडा झाला, पंधरवडा झाला.

"येडी हायेत," सोमा म्हणाला. सव्वीस वर्षं लूमवर काढल्यानं त्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळं तो बोलायचाही मोठ्यानं. "कापायच्या जनावराला काय अक्कल पायजे?"

चंद्रभागेला ते पटलं नाही. ती जालना जिल्ह्यातली, अंबडच्या बाजूची. लग्न होऊन सुरतेला येईपर्यंत तिचं सगळं बालपण शेळ्यांमागं गेलं होतं. शेळीइतकं चौकस जनावर तिनं पाहिलं नव्हतं. दोरीची गाठ तोंडानं सोडणारी, डब्याचं झाकण उघडणारी, कुंपणाला भोक पडलं की पहिल्याच फेरीत हेरणारी. ज्या करडाला आईच्या मागून दारातून आत जाता येत नाही, असं करडू तिनं कधी बघितलं नव्हतं. आणि एक नाही, दोन.

आधी तिला वाटलं, डोळ्यांत काही असेल. तिनं शेवरीची डहाळी धरून दोघांच्या नाकासमोरून फिरवली. दोघांनीही मान वळवून ती बरोबर पकडली. मग मागं उभं राहून तिनं ताट वाजवलं. राजा असा दचकला की उडी मारून मैनेच्या अंगावर पडला आणि वर तिलाच ढुशी मारली. म्हणजे कानही ठीक. उलट जरा जास्तच.

शेजारच्या पार्वतीबाईनं दृष्ट काढायला सांगितली. चंद्रभागा म्हणाली, "दृष्ट लागली तर अंगाला लागंल. दार काहून इसरतील?"

हा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. भाकरी थापताना, साड्यांना टिकल्या लावताना (ते काम ती घरबसल्या करायची) ती त्याच विचारात असायची. करडं दार विसरत नव्हती, हे तिच्या लक्षात आलं. उलट जुनं दार त्यांना पक्कं आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच ती तिथं उभी राहत होती. त्यांना जे जमत नव्हतं ते वेगळंच होतं. जुनं सोडून नवं धरणं.

ते खरं की खोटं, हे बघायचं कसं? दुपारी अंगणात दोन घमेली पालथी पडलेली तिला दिसली आणि वाट सुचली.

तिनं दोन्ही घमेली दोन हातांच्या अंतरावर पालथी मांडली. डाव्या घमेल्याखाली मूठभर भरडा. पण शेळीचं नाक तिखट, वासावरून कळेल. म्हणून उजव्याखाली तिनं तेवढाच भरडा फडक्यात गच्च बांधून ठेवला. वास दोन्हीकडं, खायला एकीकडंच. मग एकेका जनावराला सोडायचं आणि ते आधी कोणतं घमेलं उलटतं ते बघायचं. दिवसातून पाच वेळा. बरोबर आलं की पत्र्यावर कोळशाची उभी रेघ, चुकलं की आडवी.

चांदी तिसऱ्या दिवशी डाव्या घमेल्याकडं सरळ जायला लागली. मैनेला सहा दिवस लागले, राजाला आठ.

"शिकली की," सोमा म्हणाला. आता त्यालाही गंमत वाटायला लागली होती. तो एका गोडाऊनवर दिवसपाळीला राखणदार होता. घरी आला की चपला काढायच्या आत पत्र्यावरच्या रेघा बघायचा.

"थांबा तं," ती म्हणाली आणि भरडा उजवीकडं ठेवला.

चांदीनं दोन दिवस डावं घमेलं उलटलं, रिकामं बघून नाक फुरफुरवलं आणि तिसऱ्या दिवसापासून उजवं धरलं. मैना डावीकडंच जात राहिली. राजाचं बघवत नव्हतं. तो डावं घमेलं उलटायचा, खाली काही नाही हे बघायचा, चंद्रभागेनं ते पालथं घातलं की परत उलटायचा. तीनदा, चारदा. मग चिडून घमेल्याला धडका द्यायचा. दोन हातांवर खाणं होतं. वीस दिवस झाले. पत्र्यावर राजाच्या नावानं नुसत्या आडव्या रेघांची रांग लागली.

"बापाचा गुण असंल," सोमा म्हणाला. "ज्या बोकडाकडं नेली व्हती तो बी ठोंब्याच व्हता."

तेव्हा तिला ठकी आठवली.

चांदीला खरं तर तीन करडं झाली होती. तिघांना पुरेल एवढं दूध नव्हतं, म्हणून तिसरं, सगळ्यांत बारकं, दहा दिवसांचं असतानाच तिनं नणंदेला दिलं होतं. नणंद शोभा पलसाण्याला राहायची, तिचा नवरा डाइंगच्या मिलमध्ये होता. शोभानं त्या करडाला बाटलीनं दुसऱ्या शेळीचं दूध पाजून वाढवलं आणि नाव ठेवलं ठकी. आई तीच, बाप तोच, जन्मही एकाच दिवसाचा.

दुसऱ्या दिवशी चंद्रभागा दोन्ही घमेली गोणपाटात गुंडाळून पलसाण्याच्या रिक्षात बसली.

"वहिनी, घमेली घेऊन कुठं कामाला निघाल्या?" शोभानं दारातच विचारलं. "आमच्याकडं घमेली नाहीत का?"

"तुमची नकोत वन्सं. तीच पायजेत. घमेली बदलली तर उद्या मलाच शंका यायची."

ती तीन दिवस राहिली. ठकी दुसऱ्याच दिवशी डावीकडं जायला लागली. तिसऱ्या दिवशी भरडा उजवीकडं गेला. ठकीनं दोनदा डावं उलटलं, मान तिरकी करून चंद्रभागेकडं बघितलं आणि तिसऱ्या खेपेला उजवं पाडलं. शोभा हसायला लागली. चंद्रभागा मात्र घमेल्याशेजारी तशीच बसून राहिली. बापाचा गुण नव्हे. आईचा नव्हे. मग सचिनमध्ये असं काय होतं जे पलसाण्यात नाही? आणि सचिनमध्येच असून चांदीला ते का बाधलं नाही?

जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी बुधवारी चाळीच्या तोंडाशी यायची. तिच्यावरच्या डॉक्टर वैशाली गामित नवापूरकडच्या, त्यामुळं मराठी त्यांना येत होतं. मध्येच गुजराती यायची एवढंच. लोक जंताचं औषध घ्यायचे, खुरं दाखवायचे. चंद्रभागेनं काय दुखतंय ते सांगितलंच नाही. ती म्हणाली, "डॉक्टरबेन, पाच मिनिटं घरामागं या. एक दाखवायचंय."

डॉक्टरबेननी आधी घड्याळ बघितलं. मग चांदी, मैना, राजा, तिघांचा खेळ बघितला. मग पत्र्यावरच्या रेघा बघितल्या. फडक्यात बांधलेला भरडा हातात घेऊन हुंगला.

"मासी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? वासानं कळू नये म्हणून बांधलाय."

"तेच तर." डॉक्टरबेन पालथ्या बादलीवर बसल्या. "कॉलेजात आम्हाला उंदरांवरचे असे प्रयोग शिकवले होते. उंदराला एक वाट शिकवायची, मग वाट बदलायची. धडधाकट उंदीर थोडं चुकून नवी वाट धरतो. पण ज्याच्या पोटात लहानपणी शिसं गेलंय, तो जुन्याच वाटेवर जात राहतो. मोठा झाला, शिसं देणं बंद केलं, तरी." त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "इथं जवळपास बॅटऱ्यांचं काही काम चालतं का?"

चंद्रभागेनं बोटानं दाखवलं. खोपटाच्या बाजूला सुबाभळीचं झाड होतं आणि झाडापलीकडं एक रिकामा शेड. दिवाळीच्या सुमारास कुणीतरी तो भाड्यानं घेतला होता. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं भट्टीत वितळवायचं. धूर सुटायचा, घसा खवखवायचा. होळीच्या आधी ते लोक एका दिवसात सामान भरून निघून गेले. करडं दिवाळीनंतर आठवड्यानं जन्मली होती.

"त्या झाडाचा पाला शेळी खायची?"

"चांदी तं रोजच. करडं बी पुढं खायला लागली."

"आणि करडं पाणी कशात प्यायची? लहान होती तेव्हा?"

सोमाला बुधवारी सुट्टी असायची. तो इतका वेळ तोंडाकडं बघून बोलणं समजून घेत होता. पाण्याचा विषय निघालेला कळल्यावर तो उठला, खोपटाच्या कोपऱ्यातून दोन काळ्या पेट्या घेऊन आला आणि कौतुकानं डॉक्टरबेनपुढं ठेवल्या. ट्रकच्या बॅटरीची खोकी होती ती, वरून करवतीनं कापून कडा घासलेली.

"हे बघा. मोठ्या टाकीला करडांचं तोंड पुरत न्हवतं. मग मी शेडातून मागून आणली आन कापली. लई आवडायची त्यांना. पाणी संपलं तरी चाटत बसायची."

डॉक्टरबेननी हातमोजे घातले आणि पेट्या उचलून गोणीत भरल्या.

"शिशाचे काही क्षार चवीला गोड लागतात, काका," त्या हळूच म्हणाल्या. सोमाला ऐकू गेलं नाही. चंद्रभागेनं त्याच्या कानाशी जाऊन ते सांगितलं.

तो उभाच राहिला. आपल्या हातांकडं बघत म्हणाला, "मी तं धुतली व्हती. दोनदा."

त्या दिवशी तिन्ही जनावरांचं रक्त आणि चांदीचं थोडं दूध नेलं. पुढच्या आठवड्यात पलसाण्याहून ठकीचंही मागवलं. तपासायला नवसारीला पाठवावं लागलं, म्हणून निकाल यायला महिना गेला. तेवढ्या काळात चंद्रभागेनं सुबाभळीचा पाला बंद केला, शेळ्या दुसऱ्या अंगाला बांधल्या, खोपटातली वरवरची माती खरवडून गोणीत भरली. चांदीला ते का बाधलं नाही, हे मात्र तिला उलगडेना. निकाल घेऊन डॉक्टरबेन आल्या तेव्हा तो प्रश्न आणखीच अवघड झाला. ठकीच्या रक्तात शिसं नावापुरतं होतं. चांदी, राजा आणि मैना यांच्या रक्तात चांगलं होतं, आणि तिघांचे आकडे जवळजवळ सारखे होते.

"मग चांदीला काहून काही झालं नाही?"

"काहीच झालं नसेल असं नाही. पण चांदी चार वर्षांची आहे, मासी. तिच्या डोक्यातल्या वाटा आधीच पडून गेलेल्या. करडांच्या त्याच महिन्यांत पडत होत्या. शिसं अंगात गेलं की कॅल्शियमचं सोंग घेतं. हाडाला वाटतं, कॅल्शियम आलं. मेंदूला वाटतं, कॅल्शियम आलं. त्यात लहान जीवाचं पोट शोषून घेतं जास्त. मोठ्या जनावराच्या पोटातून बरंचसं बाहेर पडून जातं."

"म्हणजे आजचा आकडा बघून काही कळत नाही. तवा किती व्हता, ते बघायला पायजे."

"बरोबर. आणि तेव्हाचं रक्त आपल्याकडं नाही."

"आता काढता येतं का ते?"

"रक्तातलं हळूहळू उतरेल. थोडं हाडात बसेल. पण जे घडायच्या वेळी घडलं नाही, ते..." डॉक्टरबेननी खांदे उडवले. "पुरतं भरून येतं की नाही, ते मला खात्रीनं सांगता येणार नाही."

मग त्यांनी दुसरा कागद काढला. दुधातही थोडं होतं. फार नाही, पण होतं. दूध विकायचं नाही, प्यायचं नाही. बोकडही खाण्यासाठी द्यायचा नाही, निदान आत्ता तरी नाही. काळीज आणि हाडं तर अजिबातच नाही.

चंद्रभागेच्या घरात कुणी दूध पीत नव्हतं. ती चहाही कोराच प्यायची. चांदीचं दूध जात होतं दोन दारं सोडून, नीलमच्या घरी. नीलमची पोरगी छकुली दीड वर्षाची. तिला म्हशीचं दूध पचत नव्हतं म्हणून चंद्रभागेनं आपणहून सुरू केलं होतं, रोज सकाळी एक पेला. सात महिने.

ती लगेच गेली नाही. पदर सारखा केला, पुन्हा बसली, पुन्हा उठली. मग गेली.

नीलम दारात बसून साडीचे लोंबते धागे कापत होती. "या मावशी," म्हणत तिनं जागा केली. छकुली पाळण्यात होती. चंद्रभागेनं बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण बसलं की बोलणं होणार नाही हे तिला माहीत होतं. शेड, पाला, पेट्या, कागद, दूध, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आपण महिनाभर दूध बंद केलं ते "शेळी आटली" असं खोटं सांगून, हेसुद्धा सांगितलं.

नीलमच्या हातातली कात्री थांबली. "महिनाभर तुम्हाला माहीत होतं?"

"शंका व्हती. माहीत आज झालं."

"शंका आली त्या दिवशी सांगायला काय झालं होतं?"

नीलमनं पाळण्यातून पोरीला उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

नीलमचा नवरा प्रदीप दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून छकुलीला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. रक्तातल्या शिशाचा आकडा नऊ आला. पाचाच्या वर गेला की लक्ष द्यायला हवं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. औषधाची गरज नाही, पण शिसं जिथून येतं ते बंद करा, पोरीला लोहाचं आणि कॅल्शियमचं खायला द्या, हात धूत जा, तीन महिन्यांनी परत आणा. प्रदीपनं हे चंद्रभागेला येऊन सांगितलं, पण चौकटीबाहेर उभं राहून. "नुसतं दुधानं एवढं होईल असं वाटत नाही, म्हणाले डॉक्टर. पोरगी तिकडं शेडाजवळ मातीत खेळायची का, असं विचारत होते. खेळायची. सगळ्यांचीच पोरं खेळतात तिथं."

हे ऐकल्यावर चंद्रभागेनं राजा-मैनेचा खेळ थांबवला आणि दुसरंच काम हातात घेतलं. तिनं चाळीतल्या प्रत्येक घरी जाऊन विचारलं, तुमची पोरं कुठं खेळतात, कधीपासून, त्या धुराच्या दिवसांत घरात कोण पोटुशी होती, कुणी बॅटरीची खोकी आणलीत का. लोक आधी हसले. मग एका घरातून तुळस लावलेलं काळं खोकं निघालं, दुसऱ्या घरात त्यात कांदे ठेवलेले. सगळी मिळून सतरा निघाली. सोमानं ती एकेक करून स्वतः गोळा केली, पण टाकायची कुठं हे त्याला समजेना. "कचऱ्यात टाकली तर तिथं बी कुणाचं तरी जनावर येईल," तो म्हणाला. शेवटी डॉक्टरबेननी दवाखान्याच्या गाडीतून नेली. शेडामागं पडलेली भट्टीची राख उचलावी, असा महापालिकेला अर्जही त्यांनीच लिहून दिला. प्रदीपनं चाळीतल्या चाळीस जणांच्या सह्या घेतल्या. दोनदा कुणी आलं नाही. तिसऱ्यांदा दोन माणसं येऊन मातीचे नमुने घेऊन गेली, आणि दिवाळीच्या तोंडावर एक जेसीबी आणि ट्रक आला, वरची वीतभर माती उचलून घेऊन गेला. तेवढंच झालं. शेड कुणाचा होता आणि ते लोक कुठं गेले, याचा पत्ता लागला नाही.

मध्यंतरी मगनभाई येऊन गेला. दरवर्षी कापायला बोकड तोच घ्यायचा. राजा तोवर असा भरला होता की कुणीही वळून बघावं. मगनभाईनं त्याच्या पाठीवर थाप मारली. राजानं दचकून दाव्याला हिसका दिला.

"मासी, आपी दो. आवो माल क्यां मळे!" देऊन टाका, असा माल कुठं मिळतो, असं त्याचं म्हणणं.

चंद्रभागा बोलणार तेवढ्यात सोमा पुढं झाला. "द्यायचा नाही."

"काका, तुम्हीच तर सांगितलं होतं, या वर्षी नक्की."

"सांगितलं व्हतं. आता नाही. त्याच्या अंगात शिसं हाय. खाणाऱ्याच्या पोटात जाईल." मगनभाईला हे काही झेपलं नाही, तो हसत निघून गेला. सोमा राजाजवळ जाऊन बसला. त्या दिवसापासून राजाला कान धरून नव्या दारातून आत घ्यायचं काम त्यानं आपल्याकडं घेतलं. त्या बाबतीत त्यानं पुन्हा कधी अक्कल हा शब्द काढला नाही.

चंद्रभागेनं घमेली परत मांडली ती थंडीत. मैना त्या सवयीतून सुटली का, हे बघायचं होतं. या वेळी तिनं डावं घमेलं मांडलंच नाही, फक्त उजवं. मैना दोन दिवस डावीकडच्या मोकळ्या जमिनीला हुंगत राहिली, मग उजवीकडं वळली. दहा दिवस असं करून तिनं डावं घमेलं परत आणून ठेवलं. मैना पाचांतून तीनदा उजवीकडं गेली. राजाला ही युक्ती लागू पडली नाही. एकाला पडते, एकाला नाही, हेही तिनं डॉक्टरबेनना सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात नीलम आली. इतक्या दिवसांत ती चंद्रभागेशी बोलली नव्हती. कडेवर छकुली.

"दुसरा रिपोर्ट आला. साडेपाच."

"उतरला," चंद्रभागा म्हणाली.

"उतरला." नीलमनं छकुलीला खाली ठेवलं. "मावशी, आकड्यानं मला काही कळत नाही. तुम्ही शेळ्यांचं बघता तसं हिचं बघा ना एकदा. वाट्या ठेवून."

चंद्रभागेनं नाही म्हटलं. लेकरू म्हणजे काय शेळी आहे? पण नीलम हटेना. मग तिनं दोन स्टीलच्या वाट्या घेतल्या, छकुलीला समोर बसवलं, तिच्या देखत गुळाचा खडा डाव्या वाटीखाली ठेवला. छकुलीनं वाटी उचलली, गूळ खाल्ला. तीनदा असं झालं. चौथ्यांदा चंद्रभागेनं तिच्या देखतच गूळ उजवीकडं ठेवला. छकुलीनं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं, आणि दोन्ही हातांनी दोन्ही वाट्या एकदम उचलल्या.

नीलम हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे ठीक आहे ना?"

चंद्रभागेला हो म्हणावंसं वाटलं. पण मागं महिनाभर गप्प बसून जे झालं होतं ते तिला पुन्हा नको होतं.

"एका खेळावरनं काही कळत नाही, पोरी. म्या राजाच्या वीस दिवस रेघा मारल्या, तवा कुठं बोलले. तू दवाखाना सोडू नको. शाळेत गेल्यावर बी ध्यान ठेव. काही येगळं दिसलं तर मास्तरला आधीच सांग, म्हणजे ते पोरीला येडी म्हणणार नाहीत."

नीलमनं मान हलवली आणि खाली बसली. चंद्रभागेनं चहा टाकला.

फाल्गुनात डॉक्टरबेन नवसारीच्या कॉलेजातले आठ-दहा विद्यार्थी घेऊन आल्या. खोपटापुढं सगळे गोल उभे राहिले. चंद्रभागेनं घमेली मांडली आणि मराठी, हिंदी, गुजराती जे तोंडात येईल त्यात सगळं समजावलं. एका मुलीनं विचारलं, "मासी, मैनाला करडं झाली तर ती कशी होतील?"

चंद्रभागेनं डॉक्टरबेनकडं बघितलं. डॉक्टरबेन म्हणाल्या, "आईच्या हाडात बसलेलं शिसं गाभण असताना सुटून रक्तात येतं, एवढं माहीत आहे. पोटातल्या करडापर्यंत किती पोचतं आणि त्याचं काय होतं, ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

"म्हणून मी तिला बोकडाकडं नेली नाही," चंद्रभागा त्या मुलीला म्हणाली. "मला बघायचं लई मन व्हतं, खोटं कशाला बोलू. पण बघायचं म्हणजे करडाला भोगायला लावायचं. मी नाही नेली." तिनं घमेली उचलून एकावर एक ठेवली. "तुमच्या पुस्तकात कुठं सापडलं तर मला येऊन सांग."

मुलीनं तिचा नंबर मागितला. चंद्रभागेला नंबर पाठ नव्हता. तो तिनं सोमाच्या कानात ओरडून विचारला, आणि सोमानं तो सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितला.